उंदरांचा उत्तररंग

डॉक्टर श्रीधर उकिडवे संस्थेत आले की आधी त्यांचं अत्तर यायचं, मग ते यायचे, आणि त्यांच्या मागून, बऱ्याच अंतरावरून, त्यांचं संशोधन. हे हेमाचं म्हणणं. ती ते कुणाला म्हणून दाखवत नसे. पण वर्षानुवर्षं एका माणसाच्या हाताखाली काम केलं की तोंडातून न निघालेले शेरे डोळ्यांत दिसायला लागतात. उकिडव्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघायची सवय नव्हती, म्हणून तिचं आजवर निभावलं होतं.

हेमा खांबेटे धायरीत वडिलांबरोबर राहायची. सकाळी स्वारगेटला बस बदलून पाषाणच्या अंगाला असलेल्या संस्थेत पोचायची आणि दिवसभर उंदरांत असायची. साधे उंदीर नव्हेत, नॉकआउट उंदीर. म्हणजे ज्यांच्या अंगातलं एक नेमकं जनुक जन्माच्या आधीच बंद पाडलेलं असतं असे. पेटीतला एकच सूर काढून ठेवायचा आणि मग गाणं कुठं अडतंय ते ऐकत बसायचं, तसा हा उद्योग, असं तिनं एकदा वडिलांना समजावलं होतं. वडील अवधूतबुवा कीर्तनकार, त्यांना ते लगेच पटलं. ज्याचा सूर काढला त्या बिचाऱ्याला विचारलं होतं का, एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उंदरांसाठी म्हणून प्रसादाचे फुटाणे त्यांनी पुडीत बांधून दिले. ते हेमानंच बसमध्ये खाल्ले. प्रयोगाच्या उंदरांना घरचं काही चालत नाही.

उकिडव्यांनी परदेशातून आणवलेल्या उंदरांत जे जनुक बंद होतं, ते पिल्लाच्या मेंदूची घडण होत असताना कामाला येतं. ते नसलेल्या पिल्लांच्या मेंदूतला, वाटा लक्षात ठेवणारा भाग लहान राहायचा. पांढरं केलेल्या पाण्याच्या टबात सोडलं की साधा उंदीर थोड्याच दिवसांत पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधून काढतो आणि त्यावर चढून मिशा पुसत बसतो. ही पिल्लं मात्र काठाकाठानं गोल गोल पोहत राहायची, कुणी हात घालून बाहेर काढेपर्यंत. एवढं दिसलं आणि उकिडव्यांनी ठरवून टाकलं, की बुद्धीचं जनुक सापडलं. टबातल्या उंदरापासून माणसाच्या बुद्धीपर्यंत ते ज्या वेगानं पोचले, त्या वेगानं पुण्यात कुठलंही वाहन कुठंही पोचत नाही.

काळच तसा होता. खराडीच्या ज्वारीच्या रानांत काचेच्या इमारती उगवल्या होत्या. त्यांत काम करणाऱ्या पोरापोरींकडे नव्यातला नवा फोन होता आणि नव्यातली नवी काळजी होती : आपलं मूल मागं तर पडणार नाही ना? उकिडव्यांना संशोधनातलं किती कळायचं हा वादाचा विषय होईल, पण काळजी कुठं राहते हे त्यांना वासावरून कळायचं. माणसांतही ते जनुक असतं, कुणात थोड्या वेगळ्या रूपात. मग काय, खराडीतच एका इमारतीच्या तळमजल्यावर ‘मेधांकुर’ नावाची कंपनी उभी राहिली. मुलाच्या तोंडात कापसाची काडी फिरवायची, आणि त्याची बुद्धी कुठवर जाईल हे हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत छापून आईबापांच्या हातात द्यायचं. पूर्वी पोपटवाले हे काम सारसबागेच्या दारात करत. त्यांच्यात आणि डॉक्टरांच्यात फरक एवढाच, की पोपट निदान चिठ्ठी स्वतः उचलायचा.

आता या सगळ्याच्या मुळाशी एक गोम होती, आणि ती हेमाला ठाऊक होती.

असं काम करायची खरी रीत अशी, की एकाच वेतात दोन्ही जातींची पिल्लं येतील अशी जोडी लावायची. काही पिल्लांत जनुक चालू, काहींत बंद. भावंडं एका पोटातली, एका घरट्यातली, एका आईच्या दुधावरची. मग जो फरक दिसेल तो जनुकाचा. पण त्यात प्रत्येक पिल्लाच्या शेपटीचं टोक घेऊन तपासावं लागतं, आणि कामाची पिल्लं थोडी मिळतात. उकिडव्यांना घाई. त्यांनी सांगितलं, नर-मादी दोन्ही नॉकआउटच लावा, सगळी पिल्लं एकजात कामाची निघतील. तुलनेला शेजारच्या खोलीतले साधे उंदीर घ्या. उंदीर तो उंदीर.

तशी पिल्लं झाली, आणि हेमानं पिंजऱ्यात जे पाहिलं ते तिला घरी येऊनही दिसत राहिलं. साधी उंदरीण व्यायच्या आधी कागदाचा कीस गोळा करून घरटं बांधते. पिल्लं इकडेतिकडे सरकली की तोंडात धरून परत आणते, चाटते, अंगाखाली घेते. ही जनुक नसलेली आई यातलं काहीच करत नव्हती. कीस होता तिथंच. पिल्लं चार कोपऱ्यांत, उघडी, गार पडलेली, आणि ही त्यांच्या अंगावरून चालत दाण्याकडे जायची. दूध होतं, पाजत नव्हती. त्यांतून जी जगली, तीच पिल्लं पुढं टबात गोल गोल फिरत होती.

हेमानं उकिडव्यांना विचारलं, की सर, आपण नक्की काय मोजतोय, पिल्लाचं जनुक की त्याची आई?

"खांबेटे," उकिडवे म्हणाले, "आपण इथं शास्त्र करतो, कीर्तन नाही. माया मोजायचं यंत्र अजून आलेलं नाही. आलं की मागवू."

हा विनोद त्यांना इतका आवडला, की त्यांनी तो आठवडाभर वेगवेगळ्या लोकांना सांगितला.

यंत्र नव्हतंच, पण उंदीर होते. हेमानं गुपचूप नव्हे, रीतसर परवानगी घेऊन, पिल्लांची अदलाबदल केली. नॉकआउट आईची पिल्लं जन्मताच नुकत्या व्यालेल्या साध्या उंदरिणीकडे दिली. परकी म्हणून तिनं झिडकारू नये यासाठी आधी तिच्याच घरट्यातला कीस त्यांच्या अंगाला चोळला. आणि तिची धडधाकट पिल्लं त्या नॉकआउट आईकडे. साध्या आईनं सगळी पिल्लं पोटाशी ओढली. मोठी झाल्यावर जनुक नसलेली ती पिल्लं टबातून सरळ चौथऱ्यावर गेली. आणि जनुक असलेली, पण त्या थंड पिंजऱ्यात वाढलेली पिल्लं काठाकाठानं गोल फिरत राहिली.

हेमानं हे मांडलं तेव्हा उकिडव्यांनी आकडे पाहिले, मान हलवली आणि सांगितलं, की फार रंजक आहे, खराडीचं उद्‌घाटन झाल्यावर बघू. तिच्या प्रबंधावरची सहीसुद्धा उद्‌घाटन झाल्यावरच बघायची होती. आणि ‘मेधांकुर’च्या तपासणीच्या प्रत्येक कागदावर, अगदी तळाला, ‘मूळ प्रयोग : हेमा खांबेटे’ असं छापून आलं होतं. नाव छापायच्या आधी विचारायची पद्धत उकिडव्यांच्या खोलीत नव्हती.

हेमा हे सगळं एकवेळ गिळूनही टाकती. पण तिच्या वरच्या मजल्यावर दीपमाला राहायची.

दीपमाला यवतमाळकडची. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. नवरा चेन्नईच्या प्रोजेक्टवर. मुलगी मुक्ताई चार वर्षांची, डोळे मोठे, बोलणं जवळजवळ नाही. सकाळी अंधारात पाळणाघरात जायची, दिवेलागणीनंतर परत यायची. तिथं एका बाईकडे वीस पोरं आणि एक टीव्ही. अवधूतबुवांकडे मात्र ती सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास चिपळ्या घेऊन बसे आणि ठेका कधी चुकवत नसे. बुवांचं मत असं, की पोरीला बोलायचं आहे, पण ऐकणारा घरी येईपर्यंत तिला झोप लागते.

उद्‌घाटनाआधी नमुन्यादाखल शेजारच्या कंपन्यांतल्या काही कुटुंबांची तपासणी उकिडव्यांनी फुकट केली, त्यात दीपमाला होती. मुक्ताईचा कागद लाल आला. उपजत मर्यादा. महागड्या शाळेचा ताण देऊ नये, साध्या वातावरणात ठेवावं. दीपमालानं कागद दोनदा वाचला आणि इंग्रजी शाळेतली जागा सोडून द्यायचं ठरवलं. मुलीला यवतमाळला आजीकडे कायमची ठेवायची, आपण इथं नोकरी करायची, महिन्याकाठी जाऊन यायचं. रविवारच्या ट्रॅव्हल्सचं तिकीटही काढलं.

हेमा जिना चढून वर गेली आणि तिनं उंदरांची सगळी हकिगत सांगितली. दीपमाला ऐकून घेत होती, हातानं मुक्ताईचे फ्रॉक घडी करत होती.

"ताई, तुम्ही घरी येऊन मला वेगळं सांगून राहिल्या," ती म्हणाली, "अन्‌ सरांच्या कागदावर वेगळं छापून आहे. त्याच्यावर नाव तर तुमचंच आहे. मी कोणती हेमा खांबेटे खरी धरू?"

याला उत्तर होतं, पण ते तिच्या दारात उभं राहून देण्याजोगं नव्हतं.

तेवढ्यात उकिडव्यांच्या डोक्यात संस्कृती शिरली. पैसे घालणारे लोक बाहेरून येणार होते आणि त्यांना काहीतरी अस्सल हवं होतं. उकिडव्यांनी आयुष्यात एकही कीर्तन ऐकलेलं नव्हतं. जन्म पुण्यातला, आणि शंभर पावलांवरच्या देवळात रोज संध्याकाळी झांजा वाजत असताना हे गृहस्थ खिडकी लावून घेत. पण कीर्तन म्हणजे काय हे त्यांना पक्कं माहीत होतं : वीस मिनिटं, झांजा, शेवटी हार. त्यांनी हेमाला बोलावून सांगितलं, की तुमच्या घरी ते चालतंच, तर शनिवारी करून टाका. विषय अभिमन्यू. पोटात असताना शिकला, म्हणजे बुद्धी उपजत. शास्त्र आणि परंपरा एका व्यासपीठावर.

अवधूतबुवांचा गळा गेली काही वर्षं गेलेला होता. ते पेटीवर बसतील, उभी मी राहीन, हेमा म्हणाली. लहानपणापासून ती त्यांच्यामागे झांज घेऊन उभी राहिलेली, गळा गेल्यावर एकदोनदा त्यांच्या जागीही, तिला सगळं येत होतं. उकिडव्यांना त्यात फक्त एवढंच दिसलं, की कलावंत घरचाच आहे.

एक खबरदारी मात्र त्यांनी घेतली. काय बोलणार ते आधी लिहून दाखवा म्हणाले. हेमानं पूर्वरंग लिहून दिला. त्यांनी वाचला, दोन ठिकाणी ‘मेधांकुर’ घातलं, आणि छान म्हणाले. पूर्वरंग म्हणजे कीर्तनाचा अर्धाच भाग असतो, खरं आख्यान पुढच्या उत्तररंगात लागतं, ही गोष्ट पुण्यातल्या कुठल्याही देवळाच्या पायरीवर बसून शेंगा सोलणाऱ्या बाईला विचारली असती तर तिनं सांगितली असती. पण त्यासाठी खिडकी उघडावी लागते.

शनिवारी तळमजल्यावरचं सभागृह गच्च भरलं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले आईबाप, मांडीवर पोरं, दाराशी कापसाच्या काड्यांचं टेबल. पहिल्या रांगेत पाहुणे आणि उकिडवे. तिसऱ्या रांगेत मुक्ताईला घेऊन दीपमाला. शेवटी फुकट तपासणी झालेल्या कुटुंबांच्या वतीनं दीपमालानं उठून दोन शब्द आभाराचे बोलायचे असं ठरलं होतं.

हेमा नऊवारी नेसून, झांजा घेऊन उभी राहिली. बुवांनी पेटीवर सूर दिला. नमन झालं, पद झालं, अभिमन्यू झाला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. गजर सुरू झाला तेव्हा मागच्या रांगेतली मुलं सरळ टाळ्या वाजवायला लागली.

गजर थांबला, आणि मध्यंतरातला हार आला. इथं रीत अशी, की कीर्तनाला जो उभा असतो तो नारदाच्या गादीवर असतो. मग तो वयानं लहान असो, घरातला असो, पगारावरचा असो, यजमानानं त्याला बुक्का लावायचा, हार घालायचा आणि वाकून पायाला हात लावायचा. खुद्द बुवा एका दौऱ्यात आपल्या मुलीच्या पाया पडले होते. बुवांनी खूण केली तसे उकिडवे पुढं आले. फोटोवाला तयार होताच. त्यांनी हार घातला, बुक्का लावला आणि सराईत नम्रतेनं वाकले. मग माइक हातात घेऊन, सुंदर कार्यक्रमाबद्दल खांबेटे कुटुंबाचे आभार मानले आणि चहाकडे वळायची विनंती केली.

कुणी उठायच्या आत पेटीचा भाता हलला. बुवांनी उत्तररंगाचा सूर धरला. लोक बसले ते बसलेच.

हेमानं कृष्णाचं आख्यान लावलं. देवकीच्या पोटी जन्मलेलं पोर टोपलीतून नदीपलीकडे कसं गेलं, आणि यशोदेनं ते कुणाचं, कुठलं, कोणत्या रक्ताचं हे काही न विचारता कसं पोटाशी धरलं. बुवांनीच कधीतरी बांधलेलं पद तिनं घेतलं :

*एकीने वाहिला भार, दुजीने पुसले डोळे,*
*कुशीत वाढला कान्हा, कूळ कुणास कळे.*

मग झांजा खाली ठेवून ती साध्या आवाजात बोलायला लागली. श्रोतेहो, म्हणाली, ही गोष्ट जुनी आहे, आता याच वर्षीची सांगते. आणि तिनं उंदरांची गोष्ट सांगितली. बंद पाडलेलं जनुक. घरटं न बांधणारी आई. कोपऱ्यांत गारठलेली पिल्लं. मग अदलाबदल, आणि टबात सरळ चौथऱ्यावर जाऊन बसलेलं, जनुक नसलेलं पिल्लू. शब्द सगळे साधे होते. पुढच्या रांगेतल्या पाहुण्याला शेजारचा भाषांतर करून सांगत होता, आणि भाषांतर ऐकून पाहुण्याचा चेहरा लांब होत चालला होता.

"या तपासणीच्या कागदावर माझं नाव छापलंय," हेमा म्हणाली. "प्रयोग माझा आहे. त्या प्रयोगातून हा कागद निघत नाही. या जनुकाचं काम काय याबद्दल आम्हाला फार थोडं कळलंय, आणि तुमच्या मुलाबद्दल तर काहीच नाही. ते नाव मी इथं, तुमच्यासमोर काढून घेते."

उकिडवे उठले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते एका बाजूनं सुटलं होतं. "हेमा, हे विषयांतर पुरे. हे कीर्तन आहे की पत्रकार परिषद?"

बुवांनी पेटीवरचा हात काढला नाही. गळा नव्हता, होता तेवढ्याच आवाजात ते म्हणाले, "डॉक्टर, बसा. उत्तररंग चाललाय. आत्ताच पाया पडलात ना?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. उकिडव्यांनी आजूबाजूला पाहिलं. आपल्यावर हसणारी माणसं त्यांनी एवढ्या संख्येनं कधी पाहिली नव्हती, त्यामुळे आधी त्यांना वाटलं की विनोद दुसऱ्या कुणावर झालाय. ते बसले. बसताना मात्र पुढं झुकून, ओठ न हलवता, तुमच्या प्रबंधाचं आता विसरा, एवढं हेमाला ऐकू जाईल असं म्हणाले. तिनं ते ऐकलं. गादीवर उभ्या माणसानं खासगी उत्तर द्यायचं नसतं, आणि तिला द्यायचंही नव्हतं. ज्या सहीची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली, ती कुणाची सही आहे हे आज पहिल्यांदा नीट दिसत होतं.

दीपमाला उठून उभी राहिली. तिला वाटलं आपली आभाराची पाळी आली, का तिला काही वेगळंच वाटलं, हे सांगता येत नाही. मुक्ताई कडेवर होती.

"मॅडम," तिनं विचारलं, "ते पिल्लू त्या गार पिंजऱ्यातच मोठं झालं असतं, तर त्याच्यात दोष निघाला असता. असंच ना?"

"दोष त्याच्या नावावर लिहिला गेला असता," हेमा म्हणाली. "पिंजऱ्याच्या नाही."

दीपमालानं पिशवीतून फोन काढला. ती रांगेतून वाट काढत भिंतीकडे गेली.

हेमानं झांजा उचलल्या आणि आख्यान शेवटाला नेलं, कारण लावलेलं आख्यान अर्ध्यावर टाकता येत नाही. आरतीचं तबक फिरलं. आता खरं सांगायचं तर सभागृहातल्या सगळ्यांचे डोळे काही उघडले नाहीत. आरती संपायच्या आत बरेच आईबाप डोळे पुसतपुसत कापसाच्या काड्यांच्या टेबलाशी रांगेत उभेही राहिले. कीर्तन सुरेख झालं, पण त्या दिवसापुरती तपासणी फुकट होती. त्यांच्यातल्या एकानं तर हेमाला वाकून नमस्कार केला आणि रांगेतली आपली जागा जाऊ नये म्हणून घाईनं परत गेला. उकिडवे पाहुण्यांना दाराशी गाठून काहीतरी समजावत होते. पाहुणे घड्याळ बघत होते.

हेमा प्रसादाची वाटी घेऊन भिंतीशी गेली. दीपमाला फोनवर होती, मुक्ताई कडेवर, गोंगाटाच्या वर आवाज काढत.

"माय, मुक्ता नाही येत तिकडं," ती सांगत होती. "नाही, पोरगी बरी आहे. तिचं नाही काही, आमचंच आहे. तू असं कर, तूच इकडं ये. काही दिवस नाही, राहायलाच ये. तोवर मी सुट्टी टाकतो."

मुक्ताईनं वाटीत हात घातला, मूठभर फुटाणे घेतले आणि पहिला आईच्या तोंडात कोंबला, ती बोलत असतानाच.